तुझी पोरं

मॅच संपवून मी झोपायच्या खोलीत येतो तेव्हा बायको माझ्या तोंडाकडे बघत नाही, पावलांचा आवाज ऐकते. पाय फरफटत आले की तिला कळतं. "हरली का तुझी पोरं?" एवढं विचारते आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलते. जिंकल्यावर तिला विचारायची वेळच येत नाही. मीच तिला उठवून सांगत सुटतो.

तुझी पोरं. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या खेळाडूंना आमच्या घरात हेच नाव आहे. आता ते चुकीचंही राहिलेलं नाही. मी सुरुवात केली तेव्हा त्यातले बहुतेक माझ्याहून मोठे होते. मग ते माझ्या बरोबरीचे झाले. (तो काळ सगळ्यात वाईट. आपण या वयात नेमकं काय केलं, असं दर आठवड्याला वाटत राहतं.) आणि मग एक दिवस लक्षात आलं की "याचं वय झालं, याला आता विका" असं ज्याच्याबद्दल बोललं जातंय, त्याचा जन्म मी शाळेत असताना झालाय.

सुरुवात झाली ३ एप्रिल १९९६ च्या मॅचने. लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल ४, न्यूकॅसल ३. होस्टेलच्या टीव्हीसमोर मी बसलो होतो तो केवळ खोलीत पंखा बंद होता म्हणून. न्यूकॅसल त्या मोसमात एका टप्प्यावर बारा गुणांनी पुढे होता आणि आता हातातलं विजेतेपद घरंगळत चाललं होतं. इंजुरी टाइममध्ये कॉलिमोरने डाव्या पायाने चौथा गोल मारला आणि कॅमेरा न्यूकॅसलचा मॅनेजर केविन कीगनवर गेला. जाहिरातींच्या फळीवर तो असा कोसळला होता, जणू पोटात कोणी गुद्दा मारलाय. मला त्याची फार दया आली. म्हणजे न्यायाने मी न्यूकॅसलचा व्हायला हवा होतो. पण विसाव्या वर्षी माणूस जिंकणाऱ्याच्या मागे जातो, मी गेलो. हा कीगन सत्तरच्या दशकात लिव्हरपूलचाच लाडका खेळाडू होता, हे नंतर कळलं.

जिंकणाऱ्याच्या मागे गेल्याची शिक्षा बरोबर अडतीस दिवसांनी मिळाली. ११ मे, एफए कपची फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड. आमचे खेळाडू मॅचच्या आधी सायीच्या रंगाचे सूट घालून मैदानावर हिंडत होते, नवरदेवाच्या करवल्यासारखे. मॅच रटाळ झाली. पंचाऐंशीव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरने कॉर्नर बुक्कीने बाहेर टोलवला आणि तो कॅन्टोनाने हवेतल्या हवेत आत मारला. ते सूट लोक अजून विसरलेले नाहीत. हरणाऱ्याचे कपडे लक्षात राहतात. जिंकून तेच सूट घातले असते तर बहुधा फॅशन झाली असती.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्कोअर विचारला आणि मी म्हणालो, "आपण हरलो." नंतर स्वतःशीच चमकलो. आपण? एका महिन्यात?

मराठीत या बाबतीत एक सोय आहे, ती इंग्रजांकडे नाही. त्यांना एकाच 'वी'वर भागवावं लागतं. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण'. युनायटेडवाला मित्र समोर असेल तर "आम्ही जिंकलो", म्हणजे तू नाहीस त्यात. घरचं माणूस असेल तर "आपण हरलो", म्हणजे चल, ये तूही या खड्ड्यात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली अमेरिकी विद्यापीठांतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे जास्त दिसायचे. फोन करून मॅचबद्दल विचारलं तर जिंकलेल्या मॅचचं वर्णन करताना पोरांच्या तोंडी 'वी' यायचं, हरलेल्या मॅचला 'दे' सरकायचं. जिंकलो आपण, हरले ते.

मी त्यातला नाही, असं मला वाटत आलं होतं. २५ मे २००५ पर्यंत.

लग्नाला सहा महिने झाले होते. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर एसी मिलान. मालदिनीने पहिल्याच मिनिटाला गोल केला. मध्यंतराच्या जरा आधी क्रेस्पोने आणखी दोन. त्यातला दुसरा तर काकाने दूरवरून चिरत आणलेल्या पासवर, पुढे आलेल्या गोलकीपरवरून अलगद उचललेला. इतका देखणा की राग यायचाही राहिला. ०-३. घड्याळात एक वाजून गेला होता, सकाळी ऑफिस होतं. मी टीव्ही बंद केला. तेव्हाच्या टीव्हीचं बटण दाबलं की पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि मग हळूच विझायचा. तो विझेपर्यंत उभा राहिलो. बायकोने अर्धवट झोपेत विचारलं, "काय झालं?"

"हरले," म्हणालो आणि पांघरूण ओढलं.

हरलो नाही म्हणालो. हरले.

सकाळी फोनवर नऊ मेसेज होते. पहिला नुसताच "जेरार्ड!!!" दुसरा "ऊठ." तिसऱ्यात "३-३" आणि एक शिवी. मी पलंगाच्या कडेवर बसून ते एकेक उघडत होतो. चोपन्नाव्या मिनिटाला आमचा कॅप्टन जेरार्डचं हेडर, छप्पन्नाव्या मिनिटाला श्मित्सरचा लांबून मारलेला गोल, साठाव्या मिनिटाला अलोन्सोची पेनल्टी. ती अडवली गेली आणि परतलेला चेंडू त्यानेच आत मारला. सहा मिनिटांत तीन. मग जादा वेळेत शेवचेन्कोने अगदी जवळून लागोपाठ दोनदा मारलं आणि आमचा गोलकीपर डुडेकने दोन्ही अडवले. मग पेनल्टी शूटआउट, तेही ३-२ असं आमच्या बाजूने. नववा मेसेज होता, "आपण जिंकलो."

ऑफिसात शिरताच एकजण ओरडला, "काय रे, पाहिलीस?" मी म्हणालो, "म्हणजे काय!"

दोन शब्द. त्यांच्यावर पुढे केवढं बांधकाम झालं! मी तो दुसरा हाफ रेकॉर्डिंगवर इतक्यांदा पाहिला की आता मलाच तो थेट पाहिल्यासारखा आठवतो. डुडेकने ते दोन फटके अडवले तेव्हा माझ्या हातातला पाण्याचा ग्लास पडला, असंही मी सांगतो. ग्लास पडला होता हे खरं आहे, पण वेगळ्या मॅचला. एकच गोष्ट रंगवून सांगता येत नाही, ती मध्यंतराची. ०-३ असताना स्टेडियममध्ये आलेले हजारो लिव्हरपूलवाले उभे राहून क्लबचं गाणं म्हणत होते आणि ते आत ड्रेसिंग रूमपर्यंत ऐकू गेलं, असं खेळाडूंनी नंतर सांगितलं. त्याच पंधरा मिनिटांत मी उद्याच्या डब्याचा विचार करत दात घासत होतो.

त्यानंतर एक नियम केला, शेवटच्या शिट्टीच्या आधी टीव्ही बंद करायचा नाही. त्याचा परिणाम काय झाला म्हणाल तर पुढचा प्रत्येक पराभव मी डोळे टक्क उघडे ठेवून पाहिलाय.

२०१४ तर सेकंदासेकंदाने. लीगचं विजेतेपद हाताशी आलं होतं. एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीला ३-२ ने हरवल्यावर जेरार्डने मैदानातच सगळ्यांना गोळा केलं आणि कॅमेऱ्यासमोर, शिवीसकट, बजावलं की आता हे निसटू द्यायचं नाही. त्याने नेमकं इंग्रजीतलं 'स्लिप' हेच क्रियापद वापरलं. चौदा दिवसांनी, २७ एप्रिलला, चेल्सीविरुद्ध मध्यंतर तोंडावर आलेलं असताना साधा आडवा पास त्याच्या बुटाखालून गेला, तो वळला आणि घसरला. चेल्सीचा डेम्बा बा एकटाच धावत गेला आणि गोल झाला. मी ते परत दाखवताना कधीच बघत नाही. तरी मला जेरार्डचा गवतावर टेकलेला हात दिसतो, उठायच्या घाईतला. आठ दिवसांनी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० अशी आघाडी होती आणि एकोणऐंशीव्या मिनिटापासून नऊ मिनिटांत ती ३-३ झाली. आमच्या सुआरेझने जर्सी ओढून तोंड झाकून घेतलं. १०१ गोल करून आम्ही दुसरे आलो, दोन गुणांनी.

त्या रात्री बायकोने "हरली का" विचारलं नाही. मॅच बरोबरीत सुटली होती, त्यामुळे तिचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या लागूही नव्हता.

मैदानातून मध्येच उठून जाणाऱ्यांबद्दल मला एरवी मनातून राग. (स्वतः टीव्ही बंद करणारा माणूस आणि राग कोणावर, तर उठून जाणाऱ्यांवर!) पण ६ फेब्रुवारी २०१६ ला अॅनफिल्डवर सुमारे दहा हजार लोक सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून चालू लागले. नव्या स्टँडमधल्या सगळ्यात महाग तिकिटाचा दर ७७ पाउंड ठरवला होता, म्हणून ते मिनिट. तेव्हा लिव्हरपूल संडरलँडविरुद्ध २-० असा पुढे होता. ते गेले आणि संडरलँडने दोन गोल फेडून बरोबरी साधली. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. ते सगळं मी बघत होतो आणि मला जाणवलं की ते उठून गेले तर मैदानात भोकं दिसतात. मी उठून गेलो तर माझ्या सोफ्यावर दिसेल.

दूरवरून प्रेम करणाऱ्याचं हे असंच असतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी मिळून सुपर लीगची घोषणा केली. त्यात आमचाही क्लब होता. मोठ्यांची कायमची जागा पक्की, खालून कोणी चढायला नको, पडायचं भय नको. दोन दिवसांत चाहत्यांनी इतका गदारोळ केला की एकेक इंग्लिश क्लब बाहेर पडला. लिव्हरपूलच्या मालकाने व्हिडिओ काढून माफी मागितली. मीही चिडलो होतो. पण चिडताना घशात एक काटा होता, कारण ती योजना आखली होती ती कोणासाठी? दर आठवड्याला पावसात रांग लावणाऱ्यासाठी खचितच नाही. घरात बसून फक्त मोठ्या मॅचला टीव्ही लावणाऱ्या लांबच्या माणसासाठी. म्हणजे माझ्यासारख्यासाठीच की.

आणि एका ठिकाणी तर माझ्या तोंडून 'आपण' निघतच नाही. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूलची एफए कपची सेमीफायनल. पोलिसांनी उघडलेल्या फाटकातून गर्दी आधीच भरलेल्या जाळीबंद भागात शिरली, माणसं चिरडली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. सत्त्याण्णवावा माणूस त्या दिवशी झालेल्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये गेला. घटनेनंतर दोष लादला गेला चाहत्यांवरच, दारू पिऊन धक्काबुक्की केली म्हणून. ते खोटं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये, सत्तावीस वर्षांनी, ज्यूरीने सांगितलं की हे बेकायदेशीर मृत्यू आहेत आणि चाहत्यांचा त्यात काही दोष नव्हता. घरच्यांनी तेवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांच्या 'आम्ही'मध्ये मला जागा नाही. ती मागायची मला हिंमतही नाही. दरवर्षी त्या तारखेला मी नुसता गप्प असतो.

सुखाचे दिवस आले ते असे तिरपे आले. २०१८-१९ मध्ये अख्ख्या लीगमध्ये एक मॅच हरून ९७ गुण केले आणि सिटीने ९८. जी एक हरलो ती सिटीशीच, जानेवारीत. त्या मॅचमध्ये सिटीच्या जॉन स्टोन्सने गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढला तेव्हा तो पूर्ण आत जायला ११.७ मिलिमीटर कमी पडले होते. मी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसलो. अकरा रेघा आणि बाराव्या रेघेच्या थोडं अलीकडे. करंगळीच्या नखाएवढं अंतर. ते मी टेबलावर पेन्सिलीने आखून ठेवलं होतं, बायकोने पुसलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलची पहिली मॅच बार्सिलोनात ०-३ हरून आलो होतो. परतीच्या मॅचला सालाह नाही, फर्मिनो नाही. ७ मेच्या रात्री बायको सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला आडवी पडली होती, मोबाइलवर काहीतरी बघत. ओरिगीचा एक, वाइनाल्डमचे दोन मिनिटांत दोन. दोन्ही मॅच मिळून ३-३. मी उभाच होतो. एकोणऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. अलेक्झांडर-अर्नल्ड चेंडू ठेवून दुसऱ्या कोणासाठी बाजूला चाललाय असं दिसलं, म्हणून मी खाली पडलेली उशी उचलायला वाकलो.

"झाला की!" बायको म्हणाली.

"काय?"

"गोल. आपला."

बार्सिलोनाच्या खेळाडूंनाही तो दिसला नव्हता. ते पाठ करून जागा घेत होते. वीस वर्षांच्या पोराने अचानक मागे वळून चेंडू मारला आणि ओरिगीने तो आत टाकला. आयुष्यातल्या दुसऱ्या सगळ्यात मोठ्या गोललाही मी नव्हतो. पण त्या रात्री त्याचं मला वाईट वाटलं नाही. ती "आपला" म्हणाली होती. म्हटलं तर पहिल्यांदाच.

तीस वर्षांनी लीग जिंकलो तेव्हा तर आपली मॅचच नव्हती. २५ जून २०२० ला चेल्सीने सिटीला हरवलं आणि आम्ही सोफ्यावर बसल्या बसल्या विजेते झालो. त्या दिवसांत स्टेडियम रिकामी होती. करंडक घेतला तोही रिकाम्या स्टँडसमोर. जगभरचे लिव्हरपूलवाले त्या मोसमात माझ्यासारखेच झाले होते, टीव्हीवाले. म्हणून २७ एप्रिल २०२५ चं महत्त्व. टॉटनहॅमला ५-१ हरवून विसावं विजेतेपद, तेही भरलेल्या अॅनफिल्डवर. लेक चौदा वर्षांची. ती आणि मी घसा बसेपर्यंत ओरडलो. तारीख पुन्हा २७ एप्रिल आहे, जेरार्डच्या घसरण्याची, हे मला मध्यरात्री आठवलं. मी कोणाला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी, ३ जुलैला, बायको हातात फोन घेऊन आतून आली. मी काहीतरी लिहीत होतो. ती म्हणाली, "वीस नंबरचं ते पोर आपलंच ना?"

दियोगो जोटा. स्पेनमध्ये झामोराजवळ गाडीच्या अपघातात तो आणि त्याचा भाऊ, दोघंही गेले. वय २८. अकराच दिवसांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं, तीन लहान मुलं. एप्रिलमधल्या एव्हर्टनविरुद्धच्या मॅचचा एकमेव गोल त्याचाच, आणि तोच त्याचा शेवटचा. मी फोनवर तो फोटो बघत राहिलो. बायको शेजारी बसली. "किती गं लहान," एवढंच म्हणाली, स्वतःशीच. त्या दिवशी 'तुझी पोरं' हे शब्द घरात कोणी उच्चारले नाहीत.

क्लबने २० नंबर कायमचा निवृत्त केला. १५ ऑगस्टला नव्या मोसमाची पहिली मॅच होती, बोर्नमथविरुद्ध. विसाव्या मिनिटाला सगळं मैदान त्याचं गाणं म्हणायला लागलं. लेक उठून उभी राहिली. मग मीही. बायको दारात, कणकेचे हात पुसत. आम्ही तिघं टीव्हीसमोर उभे होतो आणि कोणाला ते दिसणार नव्हतं. ४-२ जिंकलो. मॅच संपल्यावर सालाह स्टँडसमोर एकटाच उभा राहून डोळे पुसत होता.

त्याच आठवड्यात लेक म्हणाली, "बाबा, इस्तंबूल लाव ना. तू सारखं सांगतोस ती." लावली. मालदिनी, क्रेस्पो, क्रेस्पो. मध्यंतराला तिने जांभई दिली. "पुढचं उद्या बघू? जिंकतोच ना आपण."

माझ्या तोंडून निघून गेलं. "मीही तेव्हा इथेच झोपलो होतो."

"म्हणजे?"

"टीव्ही बंद करून झोपलो. दुसरा हाफ पाहिलाच नाही मी."

ती बघतच राहिली. "आणि तो ग्लास?"

"ग्लास दुसऱ्या मॅचचा."

बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "मला काय विचारतेस," ती लेकीला म्हणाली, लेकीने काही विचारलेलं नसताना. "मी शेजारीच होते ना. 'हरले' म्हणाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला."

वीस वर्षं ती ऐकत होती. माझ्या मित्रांसमोर, तिच्या भावांसमोर, लग्नांत, वाढदिवसांत. डुडेक, शेवचेन्को, ग्लास, सगळं. एकदाही मध्ये बोलली नाही.

"मग आधी का नाही सांगितलंस?" लेकीने विचारलं.

"छान सांगतो तो," ती म्हणाली आणि पुढची घडी घेतली. "लाव आता पुढचं. झोपू देऊ नकोस त्याला."

लेकीने बटण दाबलं. डावीकडून रीसेचा पहिला क्रॉस अडला आणि चेंडू परत त्याच्याच पायाशी आला.